केंट नावाची युद्धनौका : घेरियाच्या आधी काय, नंतर काय?

टेम्सकाठचा

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात आई-बाबा इकडे आले होते. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे बघायचं ठरलं. तिकिटाचा आकडा ऐकून बाबा गप्प झाले, आई मात्र आत शिरल्यावर गप्प बसेना. ("देवाच्या घरात माणसांचेच पुतळे जास्त!") उत्तरेकडच्या भागात एका भल्यामोठ्या संगमरवरी स्मारकापुढे बाबा थबकले. मधे रोमन झगा पांघरलेला माणूस, हातात झावळी. एका अंगाला गुडघे टेकलेली बाई, दुसऱ्या अंगाला साखळीने जखडलेला उघडाबंब कैदी. बाबांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि "अरे, घेरिया म्हणजे आपलं विजयदुर्ग!" असं इतक्या मोठ्यांदा म्हणाले की रखवालदारानं मान वळवून बघितलं.

तो झग्यातला माणूस अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन. दगडात नावं कोरलीत घेरिया (१३ फेब्रुवारी १७५६), कलकत्ता आणि हुगळीकाठचं फ्रेंचांचं चंद्रनगर. तिन्ही ठिकाणी त्याचं निशाण एकाच जहाजावर होतं, ते म्हणजे केंट.

शाळेत आपण एका ओळीत शिकलो की पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला. जहाजाचं नाव त्यात कुठून येणार? म्हणून थोडं खणलं. केंट डेप्टफर्डच्या सरकारी गोदीत बांधलं, मे १७४६ मध्ये पाण्यात उतरलं. दुमजली, ६४ तोफा, खालच्या मजल्यावर ३२ रतली गोळा फेकणाऱ्या. माणसं साडेचारशेच्या वर. डेप्टफर्ड माझ्या घरापासून बसनं वीस मिनिटांवर, म्हणून एका रविवारी जाऊन आलो. गोदीच्या जागी कुंपण, आत गवत.

आता प्रश्न. १७५६ च्या आधी दहा वर्षं ही बया काय करत होती? नंतर तिचं काय झालं? मला तरी वाटतं की घेरिया हाच तिच्या कारकिर्दीचा कळस, आणि "आंग्र्यांचं आरमार जाळणारी नौका" हीच तिची खरी ओळख. जाणकारांनी दुरुस्त करावं.

भटकभवानी

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली. आणि आईंना +१.

आगाऊ_कार्टं

जागा पकडून ठेवतो. पेशवे विरुद्ध आंग्रे सामना कितव्या प्रतिसादाला सुरू होतो, पैज? माझा आकडा सहा.

शंकासुर

"कळस" वगैरे नंतर बघू, आधी पाया. केंटची सुरुवात लढाईनं नाही, कमाईनं झाली. जून १७४७ मध्ये कॅप्टन थॉमस फॉक्स तिच्यावर होता. त्याच्या तुकडीला कॅरिबियनमधल्या सँ-दोमँगहून फ्रान्सकडे निघालेला व्यापारी तांडा गाठता आला. दीडशेच्या वर जहाजं, त्यातली ४८ धरली. साखर, कॉफी, नीळ. धरलेल्या मालात खलाशापासून कप्तानापर्यंत सगळ्यांचा वाटा असायचा. त्या काळी नौदलात माणसं टिकायची ती पगारावर नाही, या वाट्यावर.

चार महिन्यांनी याच फॉक्सचं ग्रहण सुरू झालं. १४ ऑक्टोबर १७४७, फिनिस्टेअरची दुसरी लढाई. (इंग्लंडनं तोवर नवं कॅलेंडर घेतलं नव्हतं, त्यामुळे फ्रेंच नोंदींत २५ ऑक्टोबर सापडेल. तारखेवरून कोणी भांडू नका, अकरा दिवसांचा फरक आहे.) इंग्रज अ‍ॅडमिरल हॉकची १४ जहाजं विरुद्ध फ्रेंचांची ८. सहा फ्रेंच जहाजं पकडली, दोन निसटली. निसटलेल्यांत फ्रेंच सेनापतीचं तोनाँ होतं, चांगलं खिळखिळं झालेलं, आणि केंट त्याच्या जवळ असताना निसटलं. बाकीच्या कप्तानांनी बोंब मारली आणि फॉक्सवर कोर्ट मार्शल बसलं.

बचाव काय? हॉकच्या एका संकेताचा अर्थ त्याच्या अधिकाऱ्यांनी वेगळा लावला आणि त्यानं त्यांचं ऐकलं. कोर्टानं निकालात तेच पकडलं. स्वतःची अक्कल बाजूला ठेवून हाताखालच्यांच्या सल्ल्याला फार मान दिला.

टेम्सकाठचा

म्हणजे साहेबानं टीमचं ऐकलं म्हणून साहेब गेला! आमच्या ऑफिसात हे छापून लावतो. शिक्षा काय झाली?

शंकासुर

जहाज काढून घेतलं, इतकंच. पुढे रिअर अ‍ॅडमिरलचा हुद्दा देऊन घरी बसवला. नशीबवान. १७४९ मध्ये नौदलाचा कायदा कडक झाला. लढाईत शिकस्त केली नाही असं ठरलं की देहदंडच, कोर्टाच्या हातात दुसरं काही उरलं नाही. त्याच कलमाखाली अ‍ॅडमिरल बिंगला मार्च १७५७ मध्ये गोळ्या घातल्या. आता गंमत ऐका. बिंगला ज्या जहाजाच्या डेकवर उभं करून मारलं ते मोनार्क, म्हणजे फिनिस्टेअरला पकडलेल्या सहांपैकीच एक, मूळचं फ्रेंच मोनार्क.

रोखठोक

फ्रान्स-बिन्स ठीक आहे हो, मुद्द्याचं बोला. परक्या आरमाराला बोलावून आपल्याच दर्यावरच्या ताकदीची होळी करणारे नानासाहेब पेशवे, हा खरा विषय. कान्होजींनी उभं केलेलं एका दुपारी राख. केंटला कशाला दोष द्यायचा, ती तर भाड्याची काडेपेटी.

आगाऊ_कार्टं

सहावा! सहावा!! पैजेचे पेढे पोस्टानं पाठवा.

मध्यममार्गी

रोखठोक, तुळाजी पेशव्यांचीही गलबतं सोडत नव्हता, हे कुठे गेलं? आरमार "मराठ्यांचं" म्हणायचं तर तुळाजीला ते मान्य होतं का, ते आधी ठरवा. बाकी परिणाम वाईटच झाला, त्यात वाद नाही.

रोखठोक

घरातलं भांडण घरात मिटवतात. शेजाऱ्याला कोयता देऊन बोलवत नाहीत.

संपादक मंडळ

जातीवर घसरलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा जहाजाचा आहे. जहाजावर या.

गिर्येकर

गाव विजयदुर्गाकडचंच, तेव्हा बोलायला हवं. लहानपणी आजोळी गेलो की मामा किल्ल्यावर न्यायचा आणि जांभ्याच्या तटातले खळगे दाखवायचा. "ह्यो बग गोळो लागलेलो." मी बोट घालून बघायचो. पुढे मोठा झाल्यावर कळलं की जांभा नुसत्या पावसानंही तसा होतो. पण मामाला कोण सांगणार!

घटनाक्रम असा. ११ फेब्रुवारी १७५६ ला वॉटसनचा ताफा खाडीच्या तोंडाशी आला. केंट, कंबरलँड, टायगर, सॅलिस्बरी, ब्रिजवॉटर, शिवाय ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं. क्लाईव्ह पायदळ घेऊन सोबत. तुळाजी किल्ल्यात नव्हता, तो पेशव्यांच्या छावणीत तहाच्या बोलण्याला गेलेला. किल्ल्यावर दोनशेच्या वर तोफा. १२ ला दुपारी मोठी जहाजं रांगेनं खाडीत शिरली. किल्ल्याच्या बाजूला ही मोठी, पलीकडच्या रांगेत लहान जहाजं आणि बॉम्ब टाकणारी. सगळं आरमार आत खाडीत, एकमेकांना खेटून बांधून ठेवलेलं. दुपार कलतीला एक गोळा पडला, एक जहाज पेटलं आणि मग सगळंच. गुराबा, गलबतं, गोदीत अर्धी बांधलेली दोन जहाजं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ला पडला.

पहिलं पेटलेलं जहाज कुठलं? रेस्टोरेशन. कंपनीचंच, आंग्र्यांनी १७४९ मध्ये धरून आणलेलं. काय सांगू तुमका, इंग्रजांच्याच लाकडानं आग लावली.

भटकभवानी

पण तिथे पाण्याखाली भिंत आहे ना? शत्रूची जहाजं आपटून फुटायची अशी? केंट कशी आत गेली मग?

गिर्येकर

भिंत आहे, पाणबुड्यांनी बघितलीय. पण ती किल्ल्याच्या पश्चिमेला, उघड्या समुद्राच्या बाजूला. वॉटसन उत्तरेकडून खाडीच्या तोंडातून आला. पुढच्या दारी कुलूप घालून काय उपयोग, मागचं दार उघडं.

दर्यावर्दी_निवृत्त

मर्चंट नेव्हीत बत्तीस वर्षं काढली, म्हणून नाक खुपसतो. धागालेखकाचं एक वाक्य मला खटकलं, "आंग्र्यांचं आरमार जाळणारी नौका". केंटनं ते जाळलं नाही. केंटच्या तोफा भरीव लोखंडी गोळे मारायच्या. ३२ रतली म्हणजे साधारण साडेचौदा किलोचा गोळा. तो भिंत फोडतो, डोलकाठी मोडतो, माणूस उडवतो. आग लावायला कुलपी गोळा लागतो, आत दारू भरलेला, आणि तो उखळी तोफेतून उंच फेकतात. उखळी होत्या त्या मागच्या रांगेतल्या बॉम्ब केचवर. म्हणजे केंट आणि तिच्या बहिणींनी किल्ल्याचा मारा अंगावर घेतला आणि त्यांच्या आडोशानं एका फुटकळ होडगीनं आग लावली. स्मारक अर्थात अ‍ॅडमिरलचं.

आणि त्या दिवशी इंग्रजांची मेलेली-जखमी मिळून वीसेक माणसं. केंटच्या आयुष्यातली सगळ्यात स्वस्त लढाई. तिला कळस म्हणायचं तर म्हणा बापडे.

टेम्सकाठचा

ही दुरुस्ती मान्य. "कुलपी गोळा" हा शब्दही कितीतरी वर्षांनी वाचला. लुटीचं काय झालं?

शंकासुर

सुमारे दहा लाख रुपये. लढाईच्या आधीच मुंबईत बसून वाटे ठरवले होते आणि तेव्हाच भांडण झालं. क्लाईव्हला समुद्रावरच्या कप्तानांच्या बरोबरीनं धरायचं, की वॉटसनचा दुय्यम अ‍ॅडमिरल पोकॉकच्या बरोबरीनं? कप्तानांनी नकार दिला. वॉटसन म्हणाला, फरक मी माझ्या वाट्यातून भरतो. नंतर त्यानं खरोखर हजार पौंड पाठवले, क्लाईव्हनं परत केले. पेशव्यांना दमडी नाही. किल्ला मात्र ऑक्टोबर १७५६ च्या तहानं पेशव्यांना मिळाला आणि इंग्रजांना बाणकोट कायमचं.

डॉ_खडूस

या जहाजावरचा माझा आवडता माणूस वॉटसन नाही, सर्जन एडवर्ड आईव्ह्ज. त्यानं सगळं टिपून ठेवलं आणि १७७३ मध्ये छापलं म्हणून केंटचं आतलं आयुष्य कळतं. विजयदुर्ग पडल्यावर वॉटसन तुळाजीची आई, बायका, मुलं यांना भेटायला गेला. आम्हाला आता वाली नाही, असं त्या म्हणाल्या. हा म्हणाला, आजपासून मला वडील समजा. त्यावर सहा वर्षांच्या पोरानं रडत रडत त्याचा हात धरला, मग तुम्हीच माझे बाबा. वॉटसनला तोंड फिरवावं लागलं, असं आईव्ह्ज लिहितो.

रोखठोक

आणि डोळे पुसून दहा लाख मोजायला बसला.

डॉ_खडूस

हो, दोन्ही. माणसं अशीच असतात, आमच्या ओपीडीत रोज बघतो.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. स्ट्रॅहनची गोष्ट कोणाला माहीत नाही का? ऑक्टोबर १७५६ मध्ये ताफा मद्रासहून बंगालकडे निघाला, कारण जूनमध्ये सिराज-उद्-दौल्यानं कलकत्ता घेतलं होतं. डिसेंबरअखेर हुगळीकाठच्या बजबजचा किल्ला लागला. जहाजांनी दिवसभर मारा करून तटाला भगदाड पाडलं, हल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी करायचा ठरलं. खलाशांना किनाऱ्यावर उतरवून ग्रॉग (पाणी घातलेली रम) पाजली. केंटवरचा स्ट्रॅहन नावाचा साधा खलाशी झिंगून एकटाच भटकत निघाला, खंदक पार केला, भगदाडातून वर चढला, तलवार फिरवून पिस्तूल झाडलं आणि ओरडला की किल्ला माझा झाला! दोन-चार पहारेकऱ्यांशी जुंपली, तेवढ्यात त्याचे आणखी झिंगलेले दोस्त पोचले. किल्ला खरंच पडला.

दुसऱ्या दिवशी वॉटसननं शिस्तभंगाबद्दल झापलं. हा डोकं खाजवत म्हणाला, किल्ला मीच घेतला साहेब, पण त्यात काही चुकलं नसावं. बाहेर आल्यावर दोस्तांना सांगितलं की याबद्दल फटके पडले तर पुन्हा जन्मात एकट्यानं किल्ला घेणार नाही.

आगाऊ_कार्टं

माझा पगारवाढीचा अर्ज आता असाच लिहितो. "प्रोजेक्ट मीच संपवला, पण त्यात काही चुकलं नसावं."

भटकभवानी

😂😂 स्ट्रॅहनचं स्मारक कुठे आहे? तिथे मी तिकीट काढून जाईन.

मध्यममार्गी

थोडं अवांतर. कलकत्त्यात इंग्रजांनी जो अर्धवट खंदक खणून ठेवला होता, त्याचं नाव "मराठा डिच". १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीनं खणलेला. मराठे तिथवर आलेच नाहीत. फेब्रुवारी १७५७ मध्ये धुक्यात क्लाईव्ह सिराजच्या छावणीवर चालून गेला ती धुमश्चक्री या खंदकाच्या आसपासच झाली, आणि तोफा ओढायला वॉटसनच्या जहाजांवरचे सुमारे सहाशे खलाशी जुंपले होते. बंगालीत अजून पोरांना झोपवताना "बर्गी (म्हणजे मराठे स्वार) आले" म्हणतात. म्हणजे एका गाण्यात आपण बागुलबुवा आणि दुसऱ्या गोष्टीत बळी.

दर्यावर्दी_निवृत्त

आता चंद्रनगर. तिथे केंट खरी लढली आणि तिथेच संपली. यावर मी जरा लांबण लावणार आहे.

आधी स्वतःचं सांगतो. ऐंशीच्या दशकात मी थर्ड मेट होतो. सागर बेटाजवळ पायलटची (नदीतून जहाज नेणाऱ्या वाटाड्याची) वाट बघत नांगरलेलो. रात्रीचा पहारा माझा. ओहोटी लागली की हुगळीचं पाणी असं धावतं की जहाज उभं असूनही पुढे कापत चाललंय असं वाटतं. मी चहा प्यायला वळलो आणि परत बघतो तर किनाऱ्यावरचा दिवा जागेवर नाही. म्हणजे दिवा जागेवरच होता, आम्ही हललो होतो. नांगर घसरत होता. मागे नांगरलेलं जहाज जवळ जवळ येतंय, कप्तान लुंगीवर धावत आला आणि त्यानं मला ज्या शिव्या दिल्या त्या इथे संपादक मंडळ ठेवणार नाही. इंजिन तयार होतं म्हणून वाचलो.

केंटला इंजिन नव्हतं. २३ मार्च १७५७ ची सकाळ. फ्रेंचांनी नदीत जहाजं बुडवून वाट अडवलेली, पण डोलकाठ्यांची टोकं पाण्यावर राहिली. केंटच्या मास्टरनं (जहाजाची वाट ठरवणाऱ्या अधिकाऱ्यानं), डेलामोटनं, होडीतून खोली मोजून फट शोधली. टायगर पुढे गेली आणि नेमक्या जागी उभी राहिली. केंटनं मधोमध उभं राहायचं, मागे सॅलिस्बरी, असा बेत. केंटनं नांगर टाकला पण तिला ठरल्या जागी धरता आलं नाही. पाण्यानं मागे नेलं आणि ती जाऊन थांबली आग्नेयेच्या बुरुजासमोर, सॅलिस्बरीच्या जागेत. सॅलिस्बरी बाहेर. म्हणजे तीन जहाजांचं काम दोघींवर आलं.

मग तीन तास. इतक्या जवळून की बंदुकाही चालत होत्या. मधेच दारूनं पेट घेतला, सत्तर-ऐंशी माणसं बाजूच्या होड्यांत उतरली. लेफ्टनंट ब्रेरटननं त्यांची लाज काढून त्यांना परत चढवलं. त्या सकाळी वॉटसन सोडता केंटवर धडधाकट उरलेला अधिकारी हाच एक, बाकी मेले तरी किंवा जखमी तरी. एकोणीस मेले. अंगात शंभराहून जास्त भोकं. नऊच्या सुमारास फ्रेंचांनी पांढरं निशाण लावलं.

धागालेखक, तुमच्या "नंतर काय झालं"चं उत्तर हे. केंट पुन्हा समुद्रावर गेलीच नाही. दुरुस्तीच्या लायकीची नाही, असं ठरलं. विजयदुर्गाला तेरा महिने झाले होते आणि तिचं वय अकराही पूर्ण नव्हतं. ओकचं चांगलं जहाज तीस-तीस वर्षं चालायचं. हे जहाज फ्रेंच गोळ्यांनी मेलं, हे खरं, पण आधीची तीन वर्षं उष्ण पाण्यात होतं हेही धरा. बुडाला तांब्याचा पत्रा लावायचा प्रयोग इंग्रजांनी १७६१ मध्ये केला, केंटच्या वेळी नुसतं लाकूड, आणि आपल्या पाण्यातला किडा त्याची चाळण करतो.

गिर्येकर

आमच्याकडे होडीला मोरीच्या (शार्क माशाच्या) यकृताचं तेल लावायचे, वास असा की दोन दिवस जेवण जात नसे. किडा मात्र लांब राहायचा.

शंकासुर

भर घालतो. मुंबईत १७५० ची लवजी नसरवानजी वाडियांच्या हातची गोदी होती. वॉटसनचा ताफा १७५५ च्या नोव्हेंबरात मुंबईला आला तो डागडुजीसाठीच. मुंबई नसती तर ही जहाजं पुढे दीड वर्षही टिकली नसती.

डॉ_खडूस

दर्यावर्दी, एक राहिलं. कप्तान हेन्री स्पीक आणि त्याचा मुलगा बिली दोघेही त्या सकाळी डेकवर होते. एकाच गोळ्यानं बापाचा पाय फोडला आणि मुलाची मांडी. आईव्ह्ज खाली सर्जनच्या खोलीत. बिलीला आणलं तर तो वडिलांचं विचारतोय. आईव्ह्ज त्याला हात लावणार तेवढ्यात त्यानं शेजारी पडलेल्या खलाशाकडे बोट दाखवलं, आधी त्याचं बघा. भूल नावाची चीज यायला नव्वद वर्षं होती. पाय मांडीतून कापला. पोरगं दोनेक आठवड्यांत गेलं. अँप्युटेशन मीही केल्यात, सगळ्या सोयींनिशी. त्या पानावर दर वेळी थांबतो.

बाप जगला. १७५९ मध्ये किबेरॉनच्या लढाईत रेझोल्युशनवर होता, हॉकच्याच हाताखाली. ते जहाजही खडकावर गेलं.

हावड्याचा_मराठी

पाच दिवस धागा वाचतोय, आज लिहितो, कारण आज जाऊन आलो.

नोकरीमुळे अकरा वर्षं इथे आहे. सेंट जॉन्स चर्च ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर, राजभवनाला लागूनच. जॉब चार्नॉकच्या समाधीसाठी लोक येतात, मीही पाहुण्यांना तेवढंच दाखवायचो. आज माळ्याला विचारलं. वॉटसनची कबर त्याच आवारात. तो त्याच वर्षी १६ ऑगस्टला तापानं गेला, प्लासीनंतर दोन महिनेही नाहीत.

आणि स्पीकच्या पोराची शिळा. पावसानं काळी पडलीय. बोटानं शेवाळ पुसत एकेक अक्षर वाचलं. विल्यम स्पीक, वय १८, वडील हेन्री स्पीक, हिज मॅजेस्टीज शिप केंटचे कप्तान. त्या जहाजावर त्यानं पाय आणि प्राण गमावले, असं लिहिलंय. डॉक्टर, आईव्ह्ज वय १६ देतो ना? दगड १८ म्हणतो.

डॉ_खडूस

१६ देतो. पाय त्यानं कापला, तेव्हा माझं मत त्याच्या बाजूनं. पण शिळा घडवून घेणाऱ्यालाही कोणीतरी वय सांगितलंच असणार.

रोखठोक

पेशव्यांबद्दलचं माझं मत आहे तिथेच आहे. पण ही पोराची गोष्ट आधी वाचली नव्हती.

दर्यावर्दी_निवृत्त

हावडेकर, चंद्रनगरलाही जाऊन या. किल्ला इंग्रजांनी पाडून टाकला, पण काठावर बसता येतं. ओहोटीच्या वेळी जा. पाण्यात एखादी काटकी टाका आणि बघा कुठे जाते ते.

टेम्सकाठचा

सगळ्यांचे आभार. धाग्यातलं "जाळणारी नौका" संपादकांनी बदललं तर बरं, मला आता संपादन करता येत नाहीये. कळसाचंही मागे घेतो.

बाबांना काल फोनवर सगळं वाचून दाखवलं. स्ट्रॅहनला खूप हसले. बिलीच्या ठिकाणी काही बोलले नाहीत. मग विचारलं, त्या अ‍ॅबेतल्या दगडावर पोराचं नाव होतं का रे? मी म्हटलं, आठवत नाही, फोटोत बघतो. फोटोत आई मधे आलीय.

भटकभवानी

आईंना पुन्हा +१.

गिर्येकर

हावडेकर, शिळेचा फोटो टाका ना. मामाला पाठवतो. खळग्यांचा विषय निघाला की त्याला दाखवायला काहीतरी खरं हातात हवं.

हावड्याचा_मराठी

शनिवारी परत जाईन, नारळाचा काथ्या घेऊन. शेवाळ नीट घासल्याशिवाय फोटोत काही येत नाही.